मोठ्या डिस्कवर सर्व्हर नेताना : प्रस्तावना

पतसंस्था, ज्युनिअर कॉलेज, जिनिंग, दवाखाना. कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या बाजाराच्या गावात अशा किती तरी ठिकाणी कोपऱ्यात एक सर्व्हर चालू असतो. घेतला तेव्हा पाचशे जीबीची डिस्क भरपूर वाटलेली असते. मग खातेदारांचे फोटो येतात, केवायसीचे स्कॅन येतात, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची दरवर्षीची नवी फाइल येते आणि एके दिवशी ड्राइव्हची पट्टी लाल दिसू लागते. डिस्क मोठी करायचं काम मग ज्याच्या गळ्यात पडतं तो हिशेबनीस असतो, संगणक शिक्षक असतो किंवा चौकातला दुरुस्तीवाला. त्याच्यासाठी हा विषय मराठीत नीट मांडला जावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

डिस्क बदलायची म्हणजे सर्व्हर पहिल्यापासून उभा करायचा, हा समज अजून पक्का आहे. विंडोज टाका, सॉफ्टवेअरवाल्याला संभाजीनगरहून बोलवा, युजर आणि परवानग्या नव्याने भरा, प्रिंटर जोडा. नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही हे खरंच आहे, कारण मशीन सुरू करणारा भाग, रजिस्ट्री आणि उघड्या असलेल्या डेटाबेसच्या फाइली साध्या कॉपीत येत नाहीत. पण इमेजिंग सॉफ्टवेअर फाइलींच्या खाली उतरून डिस्कचे ब्लॉक वाचतं. कुठले ब्लॉक वापरात आहेत याची नोंद फाइल सिस्टिम स्वतःच ठेवते. ती पाहून सॉफ्टवेअर तेवढेच ब्लॉक उचलून एका फाइलीत, म्हणजे इमेजमध्ये, ठेवतं. म्हणून पाचशे जीबीच्या डिस्कवर १८० जीबी भरलेले असतील तर इमेज त्याहून मोठी होत नाही, दाबल्यावर बरीच लहान होते. ती इमेज नव्या डिस्कवर उतरवली की तोच सर्व्हर, त्याच पासवर्डांसह उठतो.

युनिक्समध्ये डीडी ही आज्ञा १९७० च्या दशकापासून ब्लॉकची नक्कल करत आली आहे. सामान्य ऑफिसांपर्यंत ही कला पोचवली ती न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांच्या घोस्ट या सॉफ्टवेअरने. सिमँटेकने ते १९९८ मध्ये विकत घेतलं. फुकट मिळणारं क्लोनझिला तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून आलं. आपल्याकडचा धागाही यात आहे. व्हेरिटास या कंपनीच्या पुण्यातल्या केंद्रात मराठी अभियंत्यांच्या पिढ्या बॅकअपच्या कामावर घडल्या आणि बॅकअपचाच व्यवसाय करणारी ड्रुवा ही कंपनी २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. जगभर वापरलं जाणारं हे ज्ञान पुण्यापासून कन्नड तालुक्यापर्यंत मराठीतून पोचू नये, याची मला खंत वाटते.

या विषयात शिरणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, असं मला वाटतं. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. हे सगळ्यांना पटतं, पण कोणी करत नाही, कारण रिस्टोअर करून बघायला वेगळी डिस्क लागते आणि ती कुठल्याच ऑफिसात पडून नसते. डिस्क मोठी करायच्या दिवशी मात्र कोऱ्या डिस्क हातात असतात, चालू सर्व्हर बंद ठेवायला परवानगी मिळालेली असते आणि जुन्या डिस्क धक्का न लावता बाजूला काढलेल्या असतात. बॅकअपची खरी परीक्षा घेण्याची अशी संधी पाच वर्षांत एकदा येते. म्हणून जागा वाढवणं हे मी या कामाचं दुय्यम फळ मानतो. एका डिस्कवरून दुसरीवर थेट क्लोन करणं झटपट होतं, पण त्यात ही परीक्षा होत नाही. आधी बाहेरच्या डिस्कवर इमेज घ्यावी, ती पडताळावी आणि तिच्यातूनच नवा सर्व्हर उभा करावा.

दोन डिस्कवर सतत एकच मजकूर लिहिणाऱ्या मिररला बॅकअप मानणारे खूप भेटतात. अशा मिररमध्ये एकीवरची फाइल चुकून पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी जाते. मिरर डिस्क बिघडण्यापासून वाचवतो, माणसाच्या हातापासून वाचवत नाही.

चालू सर्व्हरची इमेज कशी निघते, हा या शास्त्रातला सुंदर भाग आहे. विंडोज सर्व्हर २००३ पासून शॅडो कॉपीची सोय आली. इमेज घेण्यापूर्वी ती डेटाबेसला क्षणभर थांबायला सांगते, अर्धवट नोंदी डिस्कवर उतरवून घेते आणि त्या क्षणाचं चित्र गोठवते. कामकाज पुढे चालू राहतं. पण ही सूचना ज्याला कळते त्याच सॉफ्टवेअरला तिचा फायदा. ज्याला कळत नाही त्याची इमेज म्हणजे नोंद भरता भरता लाईट गेलेलं मशीन, आणि इन्व्हर्टर नसताना लाईट गेली की हिशेबाच्या फाइलीचं काय होतं, हे गावाकडच्या वाचकाला शिकवावं लागत नाही. शंका असेल तर सगळ्यांना बाहेर काढून, सॉफ्टवेअर बंद करूनच इमेज घ्यावी.

नव्या माणसाला सर्वांत जास्त छळते ती डिस्कची विभागणी. जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशेब केला तर मर्यादा २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइटांवर संपते. चार टीबीच्या डिस्कवर अशी इमेज जशीच्या तशी उतरवली तर जवळपास निम्मी जागा हाताला लागतच नाही. जीपीटी ही नवी पद्धत ती मर्यादा काढते, पण जुन्या बायोसच्या सर्व्हरवर विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही. तिथे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कंट्रोलरमधून विंडोजसाठी लहान व्हॉल्यूम एमबीआरवर ठेवून डेटासाठी वेगळा जीपीटी व्हॉल्यूम करणं शहाणपणाचं. मर्यादेचा प्रश्न नसतानाही एक अडचण हमखास येते. दोन टीबीच्या डिस्कवर रिस्टोअर झालं, सर्व्हर उठला, डिस्क मॅनेजमेंट १,८६२ जीबी दाखवतं, पण सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच आणि त्याला वाढवण्याचा पर्याय फिकट. नीट पाहिलं तर सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये काहीशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. विंडोजला फक्त लगतची उजवीकडची जागा घेता येते. ते पार्टिशन रिस्टोअर करतानाच शेवटाला सरकवलं की प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण रेस्क्यू पेन ड्राइव्हची, म्हणजे इमेज उतरवण्यासाठी ज्यावरून मशीन सुरू करतात त्याची. त्यावरून मशीन सुरू होतं आणि एकही डिस्क दिसत नाही, कारण त्यात रेड कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. इमेज घेण्याच्या आदल्या दिवशीच त्या पेन ड्राइव्हवरून सर्व्हर सुरू करून डिस्क दिसतात का, हे पाहावं.

जुन्या डिस्क काढताना कुठल्या खाचेतली कुठली, हे मार्करने त्यांच्यावरच लिहावं. त्या परत लावायची वेळ आली तर कंट्रोलर फॉरेन कॉन्फिगरेशन सापडल्याचं सांगतो. तिथे इम्पोर्ट निवडावं. क्लिअर दाबलं की त्या मांडणीची नोंद पुसली जाते. पुढचं लेखापरीक्षण होईपर्यंत या डिस्क कुलपात ठेवाव्यात. नंतर पूर्ण ओव्हरराइट केल्याशिवाय त्या भंगारात देऊ नयेत, कारण त्यांच्यावर सभासदांचे आधार क्रमांक, सह्या आणि ठेवींचे आकडे असतात.