पिवळी, पांढरी, लाल

दिवाणखान्यात मोठा टीव्ही. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीखाली पाचवा, सोफ्याच्या आडोशाला वूफर. टीपॉयवर लॅपटॉप. घरातलं कुणीतरी वायर खोचतं, टीव्हीवर चित्र येतं, मंडळी सरसावून बसतात. आणि नायकाचा पहिला संवाद ऐकू येतो तो लॅपटॉपच्या कीबोर्डखालून, डबीत कोंडल्यासारखा. होम थिएटर गप्पच.

चित्र भिंतीएवढं आणि आवाज डबीएवढा, हे दुखणं लॅपटॉपच्या कितीतरी आधीचं आहे. सिनेमा मुका जन्मला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, आणि गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला १४ मार्च १९३१ला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. पडद्याला वाचा फुटायला जवळपास पस्तीस वर्षं लागली. घराघरांतही पुढे तेच घडलं. चित्र आधी पोचलं, आवाज मागाहून.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट, ही त्या काळातली घरची मेजवानी. ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे सगळी चाळ. बैठकीच्या खोलीत बायामाणसं, दारात पोरं, गॅलरीत उभे राहिलेले शेजारी, आणि या सगळ्यांना पुरायला लाकडी कपाटातल्या टीव्हीचा एकुलता एक स्पीकर. त्याच दशकात, १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ आला. सत्तर मिलिमीटरच्या त्याच्या प्रतींवर सहा ध्वनिपट्ट्या होत्या आणि मुंबईच्या मिनर्व्हात लोक तो पुन्हा पुन्हा पाहायला जात होते. घरी मात्र ‘शोले’ आधी आला तो कानांनी. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, मग कॅसेटी, आणि गावोगावच्या हॉटेलांत गब्बर चेहऱ्याविना बोलू लागला. चित्र एका वाटेनं घरी येत होतं, आवाज दुसऱ्या.

या दोन वाटा ज्या माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या, त्याचं नाव महाराष्ट्रात पोराटोरांनाही ठाऊक आहे. फक्त ते नाव माणसाचं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा’च्या मोहिमा निघाल्या त्या या भिंतीविरुद्ध. खरे रे डॉल्बी हे १९३३ साली जन्मलेले अमेरिकन अभियंता. विद्यार्थिदशेतच ते अँपेक्स कंपनीत काम करत होते आणि १९५६ साली त्या कंपनीनं आणलेल्या पहिल्या यशस्वी व्हिडिओटेप यंत्राच्या घडणीत त्यांचा हात होता. म्हणजे चित्र फितीवर बसवणाऱ्यांत ते होते. पुढे केंब्रिजमध्ये डॉक्टरेट घेतली आणि १९६३ ते १९६५ ही वर्षं संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात काढली. इथून लंडनला गेल्यावर १९६५ सालीच त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. तिचं पहिलं काम ध्वनिफितीवरची खरखर घालवण्याचं. ज्यांचं नाव आज आपण कानठळ्यांना देतो, त्यांनी नाव कमावलं ते आवाज स्वच्छ करून. हे नाव त्यांना त्याच अर्थानं परत मिळायला हवं.

घरातल्या थिएटराची खरी सुरुवात डॉल्बी यांच्या प्रयोगशाळेच्या पुढच्या युक्तीत आहे. डावा, उजवा, मधला आणि पाठीमागचा असे चार आवाज गणिती पद्धतीनं दोनच पट्ट्यांत मिसळायचे आणि थिएटरात ते पुन्हा वेगळे करायचे. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’नं ही पद्धत जगभर नेली. तोच सिनेमा स्टिरिओ कॅसेटवर उतरला की त्याच्या दोन पट्ट्यांत चारही आवाज दडलेले असत. ते घरी सोडवणारी ‘डॉल्बी सराउंड’ यंत्रं १९८२ साली आली आणि १९८७च्या ‘प्रो लॉजिक’नं मधल्या स्पीकरलाही त्याचा वाटा दिला.

आपल्याकडे ते पोचलं नाही, याचं कारण वायर. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआरची लाट. टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही भाड्यानं आणायचे, एका रात्रीत तीन-चार सिनेमे संपवायचे आणि सकाळी यंत्र परत करायचं, असा तो रिवाज होता. गणपतीत, कोजागरीला, लग्नघरात हेच. व्हिडिओ पार्लरं इतकी फोफावली की १९८४ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त करून त्यात व्हिडिओ आणावा लागला. पण त्या वेळच्या बहुतेक टीव्हींना अँटेनाच्या सॉकेटखेरीज दुसरं भोकच नसे. म्हणून व्हीसीआर स्वतःच एक चिमुकलं टीव्ही केंद्र व्हायचा. चित्र आणि आवाज एकत्र करून अँटेनाच्या वायरीतून पाठवायचा, आणि भाड्याचं यंत्र घेऊन आलेला पोऱ्या टीव्हीवर रिकामं चॅनेल शोधून ते पकडायचा. या वायरीतून बाहेर पडेपर्यंत स्टिरिओ एकेरी झालेला असे.

मग आली तिपदरी वायर. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. हिचं टोक जुनं आहे. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं रेडिओच्या कपाटात ग्रामोफोन जोडायला ते बनवलं, म्हणून आजही त्याला आरसीए पिनच म्हणतात. १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीनं ही वायर आपल्या घराघरांत नेली. एका चकतीवर ७४ मिनिटं, म्हणजे हिंदी सिनेमाला दोन चकत्या, लांबडा असला तर तीन. चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, पण आवाज स्टिरिओ. आणि इथेच आपल्या लोकांनी डोकं चालवलं. पिवळी टीव्हीत खोचली. पांढरी आणि लाल मात्र टेपडेकच्या किंवा अँप्लिफायरच्या मागे. चित्र आणि आवाज यांना एकाच यंत्रातून काढून दोन दिशांना पाठवायचं, ही होम थिएटरमागची मूळ कल्पना. ती इथे कुठलंही माहितीपत्रक न वाचता रुजली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या वायरींवर जगली.

डीव्हीडी १९९६ साली जपानात निघाली. तिच्यात पाच स्पीकर आणि एक वूफर यांचे सहा वेगळे आवाज होते. ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात ते हेच. वूफर फक्त खालचे घुमारदार स्वर काढतो, म्हणून त्याची गणती पूर्ण एक न धरता ‘पॉइंट वन’. भारतात डीव्हीडी खरी स्वस्त झाली ती २००७ साली मोझर बेअर या कंपनीनं व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा. पायरेटेड चकतीच्या भावात अस्सल चकती! तरीही असंख्य घरांत सहा आवाजांच्या चकत्या लाल-पांढऱ्या वायरीवरच वाजल्या. त्या वायरीतून दोनच आवाज जातात. अनेक स्वस्त संच तेच दोन पाचही डब्यांत वाटून देत आणि पुढे हेलिकॉप्टर उडालं तरी मागच्या डब्यातूनही तेच घरघरे. लोकांना वाटायचं, हेच होम थिएटर.

लॅपटॉप या खेळात उतरला तेव्हा त्याच्याजवळ चित्रासाठी होतं व्हीजीए. पंधरा टाचण्यांचं, दोन बाजूंना स्क्रू असलेलं हे टोक आयबीएमनं १९८७ साली ऑफिसातल्या मॉनिटरसाठी आणलं होतं. ऑफिसात सिनेमा कोण बघणार? त्यात आवाजाची सोयच नव्हती. म्हणून आवाज काढावा लागे हेडफोनच्या भोकातून. ही साडेतीन मिलिमीटरची पिन म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जाड पिनेची नात. ऑपरेटर ज्या पिना बोर्डावर खोचून दोन माणसांना बोलतं करत, त्यांचंच बारीक रूप आधी ट्रान्झिस्टरमध्ये आणि मग वॉकमनमध्ये शिरलं. एका टोकाला ही पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी, अशी वायर घेऊन कित्येकांनी लॅपटॉप होम थिएटरला जोडला. मग स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. चार्जर काढला की तो थांबायचा, कारण चार्जर आणि अँप्लिफायर यांच्या अर्थिंगमधून एक नको असलेलं वर्तुळ पुरं होत असे.

या सगळ्याला उतारा म्हणून ९ डिसेंबर २००२ला सात कंपन्यांनी एचडीएमआयचा पहिला आराखडा जाहीर केला. एकोणीस टाचण्या, चित्र आणि आठपर्यंत वेगवेगळे आवाज एकाच वायरीतून. २००९च्या सुधारणेत टीव्हीकडून उलट दिशेनं होम थिएटरकडे आवाज धाडायची सोय झाली, तिला एआरसी म्हणतात. पुढच्याच वर्षी इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी व्हीजीए हळूहळू बंद करण्याची घोषणा केली.

एवढं होऊनही गप्प बसलेलं होम थिएटर कायम आहे, आणि त्याची कारणं साधी आहेत. डीव्हीडी प्लेअरसकट मिळणाऱ्या अनेक संचांच्या मागे एचडीएमआयचं एकच भोक असतं आणि त्यावर ‘आउट’ लिहिलेलं असतं. लॅपटॉपही ‘आउट’, संचही ‘आउट’. दोन तोंडं बोलताहेत आणि कान कुणालाच नाही. अशा वेळी लॅपटॉप टीव्हीला जोडावा आणि टीव्हीचा आवाज एआरसी किंवा ऑप्टिकल वायरीनं संचात न्यावा. संचाला ‘इन’ असेल तर लॅपटॉप आधी तिथे आणि तिथून टीव्ही. वायर बरोबर असूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन एचडीएमआयचं नाव निवडायचं बाकी असतं. मग ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’च्या जागी ‘५.१’.

एप्रिल २०१६मध्ये ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद बसवला होता, तिथे ध्वनिमुद्रित झालेला हा पहिला भारतीय सिनेमा. १९३९च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत याच दालनात मुद्रित झालं होतं. करमाळ्याकडच्या विहिरीकाठी घडणाऱ्या मराठी गोष्टीसाठी डझनावारी व्हायोलिनं समुद्रापार वाजली. पुढच्या वेळी तो सिनेमा लॅपटॉपवर लावाल, तेव्हा आधी उठून वायर जोडा.