नॉरफोक बेटावरची चार वर्षे

वर्षभर उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईने गुण मांडणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला, गुण मांडून माणसे तुरुंगाबाहेर काढू पाहणाऱ्या एका कप्तानाची हकीकत आपलीशी वाटावी, यात नवल नाही. अलेक्झांडर मॅकॉनकी हे त्याचे नाव. जन्म १७८७, स्कॉटलंडचा, पेशाने आरमारी अधिकारी.

तुरुंगाविषयी लिहिणारे पुष्कळ झाले. स्वतः कैद भोगून मग तुरुंगाचा कारभार हाती घेतलेले मात्र थोडेच. १८११ च्या अखेरीस मॅकॉनकीचे जहाज डच किनाऱ्याशी शत्रूच्या हाती पडले आणि १८१४ साली नेपोलियनचा पाडाव होईपर्यंत तो फ्रेंचांचा कैदी होता. पुढे तो लंडनमध्ये भूगोलाचा प्राध्यापक झाला आणि १८३७ साली गव्हर्नर फ्रँकलिनचा खासगी चिटणीस म्हणून आजच्या टास्मानियात गेला. इंग्लंडहून काळ्या पाण्यावर धाडलेल्या माणसांचे तिथे काय होते, ते त्याने पाहिले आणि लिहून कळवले. ते लंडनमध्ये छापले गेले व त्याची चिटणिशी गेली.

पण त्या लिखाणामुळेच त्याला एक बेट मिळाले. नॉरफोक हे सिडनीपासून सुमारे १६०० किलोमीटर दूर, भर समुद्रातले, जेमतेम आठ किलोमीटर लांबीचे बेट. उंच पाइन वृक्षांनी भरलेले, देखणे. १८२५ पासून वसाहतीत येऊन पुन्हा गुन्हा केलेल्या कैद्यांना तिथे टाकीत. इथून परतण्याची आशाच उरू नये, हेच त्या जागेचे धोरण होते. १८३४ च्या बंडानंतर अल्लाथॉर्न नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू शिक्षा कळवायला कोठडीत गेले. फाशी ठरलेल्यांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले आणि जीवदान मिळालेले उभ्या उभ्या रडू लागले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

मार्च १८४० मध्ये मॅकॉनकी बायको आणि सहा मुलांसह तिथे उतरला. त्याचे म्हणणे साधे होते. माणसाला सात वर्षांची शिक्षा दिली, तर तो सात वर्षे नुसता ढकलतो, कारण काम केले काय अन् न केले काय, दिवस तेवढेच. त्याऐवजी त्याच्यावर गुणांचे कर्ज चढवा. सात वर्षांना सहा हजार गुण, दहा वर्षांना सात हजार, जन्मठेपेला आठ हजार. कामाने आणि वागणुकीने गुण मिळवायचे, चांगलेचुंगले खावेसे वाटले तर त्यातूनच खर्चायचे. काही काळाने सहा-सहा जणांनी आपापल्या टोळ्या करायच्या. एकाने आगळीक केली, तर सहाही जणांचे गुण बुडायचे. आमच्या गुणांनी मुलगा वरच्या वर्गात जातो. या गुणांनी कैदी दाराकडे सरकणार होता, आणि किल्ली थोडीशी त्याच्याच हातात येणार होती.

त्याने फाशीचा सांगाडा उतरवला, देवळे बांधली, पुस्तके आणि वाद्ये आणवली, कैद्यांना बागेपुरती जमीन दिली. मेलेल्या कैद्याच्या थडग्यावर नावाचा दगड उभारण्याची परवानगीही दिली. या शेवटच्या गोष्टीपाशी मी वाचताना बराच वेळ थांबलो होतो.

पुढे २५ मे रोजी राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस साजरा झाला. त्या दिवशी त्याने दरवाजे उघडले. हजारावर माणसे, त्यांतली बहुतेक दोनदा शिक्षा झालेली, बेटभर मोकळी हिंडली. ताजे डुकराचे मांस, नाटक, दारूकाम आणि लिंबाच्या पाण्यातून घोट घोट रम. संध्याकाळी बिगूल वाजला आणि सगळे आपापल्या बराकीत परतले. एकही दंगा नाही. पण सिडनीत बातमी पोहोचली ती रमची! बिगुलाची गोष्ट कुणाच्या कानात शिरली नाही.

अँडरसन नावाच्या एका कैद्याबद्दल सांगायलाच हवे. हा खलाशी. नवारिनोच्या लढाईत डोक्याला मार बसल्यापासून भडक माथ्याचा झालेला. सिडनीच्या बंदरात त्याला साखळीने खडकाला जखडले होते, आणि होडीतून जाणारे लोक त्याच्याकडे पावाचे तुकडे फेकत. नॉरफोकला इतर कैदी त्याला डिवचून पिसाळवीत. मॅकॉनकीने त्याच्या हाती न वठलेले बैल दिले आणि इतरांना त्याच्या वाटेला जाण्याची मनाई केली. बैल माणसाळले आणि अँडरसनही. पुढे त्याला डोंगरावरच्या निशाणाच्या चौकीवर नेमले. आपल्याकडे मारक्या बैलाला सरळ करणारा गडी गावात असतोच. गड्याला सरळ करायला बैल देणारा मात्र मी दुसरा ऐकला नाही.

आता त्याची चूक. हुकूम होता की प्रयोग इंग्लंडहून नव्याने आलेल्या कैद्यांवरच करावा, जुने सुमारे बाराशे जुन्याच पद्धतीने ठेवावेत. एवढ्याशा बेटावर हे जमणारे नव्हते हे खरे, पण त्याने गव्हर्नर गिप्सचे मन वळवण्याआधीच सर्वांना गुण लागू केले. शिवाय ते गुण पुरे झाले म्हणून कैदी सोडण्याचा कायदेशीर अधिकार त्याच्यापाशी कधीच नव्हता. गुणांच्या वहीवर सरकारची सही नव्हती, सही फक्त मॅकॉनकीची. कैदी त्या वहीवर विश्वासले ते या एका माणसाकडे पाहून. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तिथल्या एका मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाच्या कपाटांची कुलपे काढून टाकली होती. वर्षभरात एक पुस्तक हरवले. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच सोमवारी कुलपे परत आली. नियम कुणी लिहूनच ठेवला नव्हता, मग मोडला असे तरी कुणी कसे म्हणावे?

मार्च १८४३ मध्ये गिप्स न कळवता बेटावर आला, सहा दिवस राहिला आणि बहुतांशी अनुकूल अहवाल लिहिला. पण तो लंडनला पोहोचून उपयोगी पडण्याआधीच मॅकॉनकीला परत बोलावण्याचा हुकूम निघाला होता. फेब्रुवारी १८४४ मध्ये मेजर चाइल्ड्स नावाच्या अधिकाऱ्याने ताबा घेतला. कल्पना मात्र बुडाली नाही. १८५४ पासून वॉल्टर क्रॉफ्टनने आयर्लंडच्या तुरुंगांत गुण आणि टप्पे आणले, पण सरकारचा अधिकार आधी हाती घेऊन. १८७० च्या सिनसिनाटी येथील तुरुंग परिषदेत अमेरिकनांनी तीच दिशा धरली. मॅकॉनकी १८६० सालीच वारला होता. त्याआधी बर्मिंगहॅमच्या तुरुंगावर त्याला १८४९ साली नेमले होते. तिथूनही त्याला दोनच वर्षांत काढले.

आणि नॉरफोक? चाइल्ड्सच्या अमलात चाबूक परत आला, बागा गेल्या. कैद्यांपाशी आपापले शिजवून खायची भांडी तेवढी उरली होती. १ जुलै १८४६ रोजी सकाळी तीही जप्त झाल्याचे त्यांनी पाहिले. कोठाराकडे जमाव धावला, भांडी परत आणली. ती घेऊन गप्प बसले असते तर तिथेच मिटले असते. पण मग सोटे उचलले गेले आणि तुरुंगाची चार माणसे मारली गेली. १३ ऑक्टोबरला बारा जणांना फाशी दिली.

त्यांना दफनभूमीच्या आत जागा मिळाली नाही. कुंपणाबाहेर एकाच खड्ड्यात ती बाराही माणसे पुरली. तो उंचवटा आजही खुन्यांचा ढिगारा म्हणून दाखवतात. आतल्या थडग्यांवर कैद्यांची नावे वाचता येतात. या उंचवट्यावर एकाचेही नाव नाही.