सुई, सुरी आणि रॉजर्सचा तक्ता

यकृताच्या अमीबिक गळूबद्दल विकृतिशास्त्रज्ञ लिओनार्ड रॉजर्स यांनी १९२२ साली मांडलेले दोन आकडे वैद्यकाच्या लिखाणात अजून फिरतात. पोट उघडून पू काढलेले रुग्ण २६६१, त्यांतले दगावले ५६.८ टक्के. सुईने पू ओढून सोबत एमेटिन दिलेले रुग्ण १११, दगावले १४.४ टक्के. सुईने सुरीवर मात केली, असा याचा अर्थ सर्रास लावला जातो.

तक्ता मात्र एवढं सांगत नाही. दुसऱ्या गटात हत्याराबरोबर औषधही बदललं होतं. इपिकॅकच्या मुळातलं एमेटिन अमीबा मारतं हे एडवर्ड व्हेडर यांनी मनिलात दाखवलं होतं. कलकत्त्यात रॉजर्स यांनी १९१२ मध्ये ते टोचायला सुरुवात केली. मग वाचलेल्यांचं श्रेय सुईला किती आणि औषधाला किती? हा हिशेब या तक्त्यातून निघत नाही.

मला आकड्यांहून वजनदार वाटतो तो रॉजर्स यांनी विकृतिशास्त्रज्ञ म्हणून केलेला युक्तिवाद. अमीबाच्या गळूतला विटकरी-चॉकलेटी पू बहुतेक वेळा जिवाणूविरहित असतो. छेद घेऊन नळी ठेवली की जखम आठवडेच्या आठवडे वाहत राहते आणि त्याच वाटेने बाहेरचे जिवाणू आत शिरतात. अमीबातून सुटलेला रुग्ण मग त्या जिवाणूंच्या तावडीत सापडतो.

रॉजर्सनंतर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, सर्जनच्या हाती एमेटिन होतं, क्लोरोक्विन होतं, सोनोग्राफी नव्हती. बरगड्यांमधली नेमकी कुठली जागा दाबल्यावर रुग्ण कळवळतो ते बघायचं, एक्स-रेत उजवं श्वासपटल वर सरकलंय का ते पाहायचं आणि जाड सुई अंदाजाने आत घालायची. १९६६ मध्ये डर्बनहून पॉवेल आणि सहकाऱ्यांनी मेट्रोनिडाझोलचे निष्कर्ष छापले. पुढे ते औषध रुळल्यावर अमीबाच्या बहुतेक रुग्णांना सुईचीही गरज उरली नाही. ज्यांना उरली, त्यांच्यासाठी सोनोग्राफीने सुईला डोळे दिले.

खरी तुलना चंडीगडच्या १९९८ च्या शोधनिबंधात सापडते. ५० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले: सुईने २५ पैकी १५ बरे झाले, आत कॅथेटर ठेवून पू वाहू दिलेले सगळे २५. सिंगापूरचा २००५ चा निबंध मात्र उलट्या दिशेने जातो. ५ सेंटिमीटरहून मोठ्या, जिवाणूजन्य गळूंच्या ८० रुग्णांत शस्त्रक्रिया ४४ पैकी ३ जणांत फसली, कॅथेटर ३६ पैकी १०. अर्थात इथे कोणाला काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवलं होतं, चिठ्ठीने नव्हे. तरी विसंगती वाटते तेवढी नाही: या गळूंत जिवाणू आधीच होते, त्यामुळे रॉजर्सची धास्ती इथे लागूच होत नव्हती. शिवाय कप्प्याकप्प्यांचं, घट्ट पुवाचं गळू एका नळीतून रिकामं होत नाही.

ते कप्पे फोडायला आता दुर्बीण आहे. पोटावर दोन-तीन छोटी छिद्रं पाडायची, कॅमेऱ्यात बघत पडदे मोडायचे, पू शोषून घ्यायचा, पोकळी धुवायची आणि नळी ठेवून बाहेर यायचं. लांबलचक छेदाची जखम तेवढी वाचते. गळू पोटात फुटून रक्तदाब कोसळत असेल, तर मात्र आजही बहुतेक सर्जन सरळ पोट उघडतात.