गाडी पुढून खाली घेतली की नेमकं काय खाली येतं?

मोटरसायकल पुढून इंचभर खाली घेतली की ती रस्त्याला धरून चालते, कमी उंचीच्या माणसाचे पाय टेकतात आणि हे काम घरच्या घरी ॲलन कीच्या सेटवर अर्ध्या तासात उरकतं, असं गॅरेजपासून कॉलेजच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. यातलं शेवटचं म्हणणं बरंचसं खरं आहे. काम सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच पहिली दोन म्हणणी कोणी तपासत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. टेलिस्कोपिक शॉकअपचे दोन पाइप वरच्या आणि खालच्या ‘टी’मध्ये, म्हणजे हँडलखालच्या दोन आडव्या पकडींमध्ये, बोल्टांनी आवळलेले असतात. बोल्ट सैल करून पाइप वर सरकवले की गाडीचं तोंड खाली येतं. शॉकअप उघडावा लागत नाही, ऑइल सांडत नाही, स्प्रिंगला हात लागत नाही आणि मन बदललं तर सगळं पूर्ववत करता येतं. शिवाय रेसिंगवालेही पाइप असेच सरकवतात. हे सगळं मान्य. पण रेसिंगचा मेकॅनिक पाइप थोड्याच मिलिमीटरने हलवतो, आणि त्याच्या मनात उंची नसतेच. गाडी वळणात लवकर वळावी म्हणून तो हे करतो. म्हणजे पूर्वपक्षाचा सगळ्यांत भक्कम पुरावाच त्याच्या विरुद्ध जातो. पाइप सरकवणं हा स्टिअरिंगच्या कोनात केलेला बदल आहे. उंची त्यात ओघाने थोडीशी कमी होते, इतकंच.

किती कमी होते, ते मोजून पाहू. दोन चाकांच्या आसांमध्ये १४०० मिमी अंतर आहे आणि शॉकअप उभ्या रेषेपासून २४ अंश कललेला आहे असं धरू. आपल्याकडच्या मधल्या वजनाच्या अनेक गाड्या याच्या आसपास असतात. पाइप २५ मिमी वर सरकवला तर तो तिरपा असल्याने पुढची बाजू प्रत्यक्षात २३ मिमीच उतरते. मागचं चाक जागच्या जागी आहे, त्यामुळे सगळी गाडी मागच्या आसाभोवती फिरते. चालवणारा बसतो त्या आसाच्या साधारण ४५० मिमी पुढे. त्याच्या बुडाखालची सीट किती उतरली? २३ गुणिले ४५०, भागिले १४००. जेमतेम सात मिलिमीटर! बुटाच्या तळव्यातला फरकही याहून मोठा असतो. पाय टेकण्यासाठी गाडी पुढून उतरवणारा माणूस सात मिलिमीटरसाठी पुढच्या चाकाची सगळी भूमिती बदलून बसतो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता स्थिरतेचं म्हणणं. ‘गुरुत्वमध्य खाली, म्हणून गाडी स्थिर’ हा युक्तिवाद टेबलाला किंवा बैलगाडीला लागू पडतो, दुचाकीला नाही. दुचाकी उभी राहते ती पायथा रुंद असल्यामुळे नव्हे. ती ज्या बाजूला पडू लागते त्या बाजूला पुढचं चाक वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. तळहातावर उभी तोललेली लांब काठी सावरता येते, पेन्सिल मात्र सावरायच्या आत पडते; उंचावरचं वजन सावकाश कलतं. शिवाय वरच्या हिशोबात स्वारासकट गाडीचा गुरुत्वमध्य दहा-बारा मिमीच उतरतो. त्याची मूळ उंची सहा-सातशे मिमीच्या घरात असताना एवढ्याने काय होणार?

बदल होतो तो ट्रेलमध्ये. हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं, ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. टायर अक्षाच्या मागे ओढला जातो म्हणून चाक आपोआप सरळ होऊ पाहतं. आपल्या उदाहरणात १८ इंची रिमवर १००/९० चा टायर आहे आणि मूळ ट्रेल १०६ मिमी आहे असं धरा. पाइप २५ मिमी सरकवल्यावर कोन २४ वरून २३ अंशांवर येतो आणि ट्रेल सुमारे १०० मिमी उरतो. गावात हे हँडल ‘हलकं’ वाटतं, आणि त्या हलकेपणालाच लोक सुधारणा म्हणतात. ब्रेक लागला की शॉकअप दबतो आणि ट्रेल आणखी घटतो. मागे माणूस बसवून घाट उतरताना, भर ब्रेकमध्ये, मुळातच कमी केलेला ट्रेल अजून कमी होतो. तिथे हलकं हँडल नको असतं.

ट्रेल म्हणजेच सर्वस्व, असंही मी म्हणत नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ‘फिजिक्स टुडे’त आपल्या सायकलींचे प्रयोग मांडले. पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं जादा चाक बसवून त्याने फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम जवळपास रद्द केला, तरी सायकल चालवता आली. चाक पुढे काढून ट्रेल उलटा केला, तेव्हा मात्र ती सांभाळणं फार अवघड झालं. पुढे २०११ साली कोइमन, पापाडोपुलोस, रुइना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की भोवऱ्याचा परिणाम आणि ट्रेल या दोन्हींवाचूनही स्वतःहून सावरणारी सायकल बनवता येते, वजनाची मांडणी त्या हिशोबाने केली तर. याचा आधार घेऊन ‘मग ट्रेलला काय धरून बसायचं’ असं म्हणता येत नाही. कोन, ट्रेल आणि वजनाची मांडणी हे सगळं मिळून चाक योग्य वेळी योग्य बाजूला वळतं, असं तो प्रयोग सांगतो. कारखान्याने हा मेळ घालून दिलेला असतो. आपण त्यातला एकच धागा ओढतो.

अर्ध्या तासाच्या कामात न बसणारी एक तपासणीही आहे. पाइप २५ मिमी वर गेले की शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक खालच्या टीच्या २५ मिमी जास्त जवळ येतं. मडगार्ड टीला भिडेल का, टायर रेडिएटरला लागेल का, हे स्टँडवर उभ्या गाडीकडे बघून कळत नाही. त्यासाठी इंजिनखाली पक्का टेकू देऊन, पाइपच्या टोप्या उघडून स्प्रिंग बाहेर काढायचे आणि चाक हाताने वर, अगदी शेवटपर्यंत ढकलून बघायचं. तेव्हा मडगार्ड आणि टी यांच्यामध्ये करंगळी जाते की नाही, ते दिसतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किमीने तो आरामात ओलांडता येतो. आपल्या गल्ल्यांतले उभट, अरुंद उंचवटे या मापात बसत नाहीत, आणि शॉकअप शेवटपर्यंत दबतो तो त्यांच्यावरच.

गाडी उतरवण्यासाठी शॉकअपचा स्प्रिंगच कापणाऱ्यांविषयी थोडक्यात. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होतो. चाळीसातले चार कापले तर उरलेला सुमारे ११ टक्क्यांनी कडक. त्याचा मूळ दाबही जातो, त्यामुळे चाक उचललं की तो आत सैल पडून खडखडतो. हा मार्ग कुठल्याच हिशोबात बसत नाही.

मग पाइप कधीच सरकवू नयेत का? सरकवावेत, पण मागची बाजू उतरवल्यानंतर. मागे आखूड शॉकअप किंवा लांब लिंक टाकून फक्त मागून गाडी खाली घेतली की कोन उलट वाढतो, हँडल जड होतं. तेव्हा पुढची बाजू तितकीच उतरवली तर कोन आणि ट्रेल मूळच्या ठिकाणी येतात, आणि सीट खरोखर त्या मापाने खाली येते. घरी करण्याजोगं काम हे आहे. आधी दोन्ही पाइप वरच्या टीबाहेर किती निघाले आहेत ते व्हर्नियरने मोजून घ्यावं. एका वेळी एकच बाजू सैल करावी. दोन्ही मापं अगदी सारखी ठेवावीत, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळावेत, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकची नळी ताणत नाही ना ते पाहावं. पुढचा आस सैल ठेवून शॉकअप दोन-तीनदा दाबावा आणि मगच आस आवळावा, नाहीतर शॉकअपचे दोन्ही पाइप दबताना अडकतात.

उंचीचाच प्रश्न असेल तर पहिला हात सीटला लावावा. फोम २५ मिमी उतरवला की पूर्ण २५ मिमी पदरात पडतात, आणि सीटचं नाक अरुंद केलं की मांड्या कमी फाकतात, पाय सरळ खाली जातात. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ आणि ८४५ मिमी अशा दोन उंचींवर बसते. हा बदल कंपनीने सीटमध्येच ठेवला आहे, शॉकअपला हात न लावता. आणि दोन्हीकडून गाडी उतरवलीच, तर साइड स्टँड लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे आडवी होते. तेवढा स्टँड कापून, तळव्याचा कोन नव्या उंचीला जुळवून, चांगल्या वेल्डरकडून जोडून घ्यावा.