क्लच प्लेट गेली! : गोव्याची स्पोर्ट्स कार, मुंबईची पद्मिनी आणि आपला ट्रॅक्टर

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा हेडफोन घरी विसरले, त्यांच्यासाठी हा भाग लेखी.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ. बाहेरचे लोक इथं मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी येतात. आपण मात्र आज जाऊ रस्त्यावरच्या गॅरेजात. ट्रॅक्टरचा क्लच बदलताना तुम्ही पाहिलाय का? ट्रॅक्टर चक्क मधून उघडतात. पुढं इंजिन, मागं गिअरबॉक्स, दोघांच्या मध्ये हातभर फट, आणि त्या फटीत मिस्त्रीचं डोकं! एवढा राडा कशासाठी, तर एका ताटाएवढ्या चकतीसाठी.

या चकतीचा इतिहास भारी आहे. मुळात अडचण काय होती? इंजिन सतत फिरतं, पण गाडीला तर थांबावं लागतं. म्हणजे इंजिन बंद न करता चाकांपासून तोडायचं कसं? जुनी पिठाची गिरणी आठवा. गिरणीवाला पट्टा बाजूच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा. इंजिन चालू, जातं बंद. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझनं पेटंट घेतलेल्या पहिल्या मोटारीतही हीच युक्ती होती : पट्टा आणि मोकळी पुली.

पुढं आला कोन क्लच. फ्लायव्हीलच्या पोकळीत शंकूसारखा तुकडा घुसायचा आणि त्यावर असायचं चामडं. चामडं कोरडं पडलं की गाडी हिसका देऊन सुटायची, तेलकट झालं की घसरायची. मग मालक काय करायचा? कोरड्याला तेल लावायचं, तेलकटावर माती भुरभुरायची. म्हणजे घरी क्लच दुरुस्त करणं हा आजचा छंद नाही, मोटारीच्या जन्मापासूनचं काम आहे.

१८९७ साली इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड या माणसानं घर्षणाच्या लायनिंगचा धंदा सुरू केला. तीच पुढं फेरोडो कंपनी. त्यानंतर लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आलं. उष्णता छान सोसायचं, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली की माणूस आतून पोखरला जातो. युरोपियन युनियननं २००५ पासून त्यावर बंदी घातली. म्हणून जुन्या गाडीचा क्लच उघडला की काळी भुकटी तोंडानं किंवा हवेच्या पाइपानं उडवायची नाही. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ही गोष्ट गंमत म्हणून सांगत नाहीये.

आता स्पोर्ट्स कारकडं येऊ. १९९८ च्या सुमारास गोव्यात एक गाडी तयार झाली, सॅन स्टॉर्म. दोन दारं, दोन सीट, फायबरग्लासची बॉडी. बनवणारी मंडळी होती बंगळुरूच्या सॅन इंजिनिअरिंगची, म्हणजे रेल्वेची इंजिनं बनवणारे लोक. गाडीत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण बॉडी हलकी होती ना.

अडचण पुढं आली. स्टॉर्म फारशा विकल्या गेल्या नाहीत, आणि शेवटी उत्पादन थांबलं. हेच इंजिन युरोपात रेनोच्या क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होतं, पण त्या गाड्या आपल्याकडं विकल्याच गेल्या नाहीत. मग आज कुणाच्या स्टॉर्मची क्लच प्लेट गेली, तर कुठल्या दुकानात जायचं?

याच्या अगदी उलट गोष्ट पद्मिनीची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या, आणि त्याच फियाट ११०० ला १९७० च्या दशकात नाव मिळालं प्रीमियर पद्मिनी. लायसन्स राजमध्ये गाडी घ्यायची तर पर्याय दोन-तीनच. गिऱ्हाईक वैतागायचं, पण मिस्त्रीचा हात बसला! तीच गाडी, तोच क्लच, वर्षानुवर्षं. खालून प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, गिअरबॉक्स उतरवायचा, प्लेट बदलायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तीही वीस वर्षांची मुदत संपली म्हणून.

म्हणजे गाडी जगते ती ताकदीवर नाही. तिचा पार्ट मिळतो का आणि तिला उघडणारा हात आहे का, यावर जगते.

मग पार्ट मिळत नसेल तर? तर जुनी प्लेट फेकायची नाही. तिचा व्यास मोजायचा, मधल्या भोकातले दाते मोजायचे, आणि जुळणारी प्लेट शोधायची. नाहीच मिळाली तर जुन्या प्लेटचे रिव्हेट काढून तिला नवं लायनिंग मारून घ्यायचं. हे काम आपल्याकडं ट्रॅक्टर-ट्रकवाले कधीपासून करतात.

घरी करायचंच असेल तर क्रम लक्षात ठेवा. बॅटरी सोडा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, पक्के स्टँड लावा. स्टॉर्मसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, क्लच केबल सोडून इंजिनला आधार द्यावा लागतो, मगच गिअरबॉक्स बाजूला सरकतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम काढू नका. समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा, नाहीतर प्लेट वाकते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा आहेत का बघा. रिलीज बेअरिंग लगेहात बदला, कारण तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उतरवणं परवडत नाही. नवी प्लेट मधोमध बसवायला अलाइनमेंटचा दांडा वापरा. ग्रीसचं बोट लायनिंगला लागू देऊ नका. आणि शेवटी केबलला थोडी ढील ठेवा.

जुन्या क्लचमध्ये गोल स्प्रिंगा असायच्या. १९६५ साली जर्मनीच्या लुक कंपनीनं युरोपात डायफ्राम स्प्रिंगचा क्लच आणला. पाकळ्या पाडलेली एकच चकती, त्यामुळं पेडल हलकं आणि प्लेट झिजली तरी दाब टिकून. आपल्या आजच्या गाड्यांत हाच प्रकार.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, त्यांना क्लचच नाही. मोटार थांबते आणि पुन्हा शून्यापासून जोर लावते, मग मध्ये तोडायला चकती कशाला? उद्या ‘हाफ क्लचवर चालवू नको रे’ हे वाक्य पोरांना समजायचंही नाही. पण गोव्यात, पुण्यात कुणाच्या तरी शेडमध्ये एखादी स्टॉर्म उभी असेलच. तिचा मालक शोरूमला फोन करू शकत नाही. त्याला लागतो तोच माणूस, जो आपल्या गावात ट्रॅक्टर मधून उघडून बसलाय.

तुमच्या ओळखीत असा मिस्त्री असेल, तर पुढच्या वेळी तो क्लच उघडेल तेव्हा शेजारी जाऊन बसा. मोबाइल काढा आणि शूट करून ठेवा, त्याला विचारून. भेटू पुढच्या भागात.