टोपीवरील तुरा

लोकोपयोगी संस्था काढावयाची तर आधीं एखादा धनिक गांठावा, ही आपल्याकडील जुनी समजूत. इंग्लंडांतील पक्षिरक्षण-संस्थेचा इतिहास मात्र निराळें सांगतो. तेथील स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे मिरवत. हे तुरे विणीच्याच दिवसांत येतात. त्यामुळें आईबाप मारले जात नि पिलें घरट्यांत उपाशी मरत. १८८९ सालीं मँचेस्टरजवळ एमिली विल्यम्सन या बाईंनीं आपल्या घरीं एक मंडळी स्थापिली. १८९१ मध्यें ती क्रॉयडनच्या मंडळीस मिळाली. वर्गणी अवघी दोन पेन्स; खरी अट खाण्यासाठीं न मारलेल्या पक्ष्यांचीं पिसें न वापरण्याची, त्यांत शहामृगाचीं तेवढीं चालत. फॅशनच्या त्या दिवसांत हा नेम पाळणें आम्हांस वर्गणीहून पुष्कळच महाग वाटतें. १९०२ मध्यें हिंदुस्थानांतून पिसांच्या निर्यातीस बंदी झाली. १९०४ मध्यें संस्थेस राजसनद मिळाली. विलायतेंतील कायद्यास मात्र १९२१ साल उजाडलें, आणि तोही आयातीपुरताच. तुरा मिरविण्यास त्यांत बंदी नव्हती.