यंत्राला आकडे शिकवताना

एक माणूस तक्त्यावरचे आकडे मोठ्याने वाचतो आहे आणि मिलिंग मशीनपाशी उभे असलेले दोन कारागीर ते ऐकून आपापले चाक फिरवीत आहेत. 1940च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटी या गावी, जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात असे काम चाले. हेलिकॉप्टरच्या पात्याची वक्ररेषा धातूत अचूक उतरवायची होती. पार्सन्स आणि त्यांचे अभियंते फ्रँक स्ट्युलेन यांनी छिद्रपत्रिकांवर चालणाऱ्या आयबीएमच्या गणनयंत्राकडून त्या रेषेवरचे बिंदू काढून घेतले. मग पार्सन्स यांच्या मनात आले, आकडे वाचायला माणूस तरी कशाला? छिद्रपत्रिकेनेच चाके फिरवली तर? आज आपल्या औद्योगिक वसाहतींत ज्याला सीएनसी म्हणतात, त्याचा उगम या प्रश्नात आहे.

पार्सन्स यांच्याकडे पदवी नव्हती. होता तो कारखानदाराचा व्यवहार. 1949मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यांना कंत्राट दिले. त्यांनी मदतीसाठी एमआयटी या नामांकित संस्थेकडे धाव घेतली आणि तिथेच गाडी दुसऱ्या रुळावर गेली. पार्सन्स यांना आपल्या कामापुरते सुटसुटीत साधन हवे होते. संस्थेतल्या संशोधकांना कुठलाही आकार सलगपणे कापू शकणारी यंत्रणा हवी होती. सप्टेंबर 1952मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग मशीन जगाला दाखवले गेले, तोवर पार्सन्स बाजूला पडले होते. त्या यंत्राचे नियंत्रक कपाट मूळ यंत्रापेक्षाही मोठे होते!

असले यंत्र विकत कोण घेणार? कारखानदार पुढे येईनात. शेवटी हवाई दलानेच शंभराहून अधिक यंत्रे घेऊन विमानांच्या कारखान्यांत बसवली. ती चालवण्यासाठी लागणारी संगणकीय भाषाही हवाई दलाच्याच पैशातून तयार झाली. 1959मध्ये तिची घोषणा झाली, तेव्हा पत्रकारांना त्या भाषेच्या साहाय्याने कोरलेले अॅल्युमिनियमचे रक्षापात्र भेट मिळाले. रक्षापात्र छान होते, पण त्यामागे संगणक, गणितज्ञ आणि भरभक्कम तिजोरी लागत होती. चार-दोन लेथवाल्या कारखान्याला यातले काय परवडणार? पुढची दोन दशके अमेरिकेतल्या लहान कारखान्यांत ही यंत्रे अपवादानेच दिसली.

याच काळात आणखी एक वाट निघाली होती. 1946-47च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असे तंत्र तयार झाले, की कसबी कारागिराने पहिला नग स्वतः करायचा, त्याच्या हातांनी झालेल्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि पुढचे नग यंत्राने त्या फितीवरून काढायचे. हे तंत्र मागे पडले. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने 1984च्या आपल्या पुस्तकात त्याचे कारण परखडपणे मांडले आहे : त्या फितीत कौशल्य कारागिराचेच राहत होते आणि व्यवस्थापनाला ते त्याच्या हातून काढून ऑफिसातल्या टेबलावर न्यायचे होते. नोबल यांचा हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. मला तो बराचसा पटतो. पण तांत्रिक अडचणी आणि विमानाच्या भागांचे किचकट आकार यांचाही वाटा होताच.

जपानने वेगळा ग्राहक डोळ्यांपुढे ठेवला. 1956मध्ये फुजित्सू कंपनीत सेइउएमोन इनाबा यांच्या गटाने या तंत्राचे काम हाती घेतले. त्याच वर्षी जपानने यंत्रोद्योगाच्या उन्नतीसाठी कायदा केला आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना जुनी यंत्रे बदलायला कमी व्याजाचे कर्ज मिळू लागले. 1972मध्ये या कामासाठी फॅनुक ही स्वतंत्र कंपनी झाली. त्याच दशकात मायक्रोप्रोसेसर आला, कपाटाची पेटी झाली, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला तिथेच बटणे दाबून प्रोग्रॅम भरता येऊ लागला. छोट्या कारखानदाराला हवे होते ते नेमके हेच. 1982मध्ये यंत्रहत्यारांच्या उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकले. शोध एकाचा, बाजारपेठ दुसऱ्याची!

आणि आपण? आपल्याकडे पाया नव्हता असे नाही. लेथ बनवण्यासाठी किर्लोस्करांनी 1941मध्ये हरिहरला कारखाना काढला. 1953मध्ये बंगळुरूला स्विस सहकार्याने एचएमटी उभी राहिली, 1962मध्ये तिथेच यंत्रहत्यारांची केंद्रीय संशोधन संस्था आली. पण आयातीचे परवाने आणि चढे कर यांच्या काळात संगणकी यंत्र ही मुख्यतः मोठ्या कारखान्यांची मिरासदारी राहिली. 1991नंतर कर उतरले, मोटारींच्या नव्या कंपन्या आल्या आणि हजारावा नगही पहिल्यासारखाच मागू लागल्या. तेव्हा भोसरी, सातपूर, शिरोलीतल्या पुरवठादारांना सीएनसी घेणे भागच पडले. बंगळुरू किंवा राजकोटचा लेथ, त्यावर बहुधा जपानी कंट्रोल आणि डोक्यावर बँकेचा हप्ता.

हप्त्याचा तपशील कर्जाच्या कागदावर असतो, विजेचा नसतो. 2000च्या दशकातल्या भारनियमनात वीज गेली, की टूल जॉबमध्येच अडकून पडे. भोसरीच्या एका शेडमध्ये त्या काळात पाहिलेले मला आठवते. वीज परतल्यावर आयटीआय झालेला पोरगा आधी टूल हलकेच मागे घेई, टोक तुटले आहे का पाही, यंत्र पुन्हा शून्यावर आणी. मायक्रोमीटरने जॉब मोजून, टूल झिजले असेल तेवढे शंभरांश मिलिमीटर तो कंट्रोलमध्ये भरी. कुठल्या जॉबला काय भरले ते तो एका तेलकट वहीत लिहून ठेवत असे. मालकाने ती वही कपाटात ठेवायला मागितली होती. पोराने दिली नव्हती. पुढच्या दिवाळीत त्याला शेजारच्या शेडमधून दीडपट पगाराचे बोलावणे आले, तेव्हा वहीही त्याच्याबरोबर गेली.